परतुरात परी कसं व्हावं

जपानी मुलींना ढगातून उतरल्यासारखं दिसायला आवडतं. तुम्हालाही आवडतं, हे तुमच्या मोबाइलला तुमच्या आईच्या आधी कळलेलं आहे. तेव्हा लाजू नका. फिकट गुलाबी, फिकट जांभळा, पुदिन्याचा हिरवा, लोण्याचा पिवळा. केसांत चांदण्या, गळ्यात टेडी, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे आणि चेहऱ्यावर 'मी या गावची नाहीच' असा भाव. तोक्योत या वेषाला 'फेअरी केई' म्हणतात आणि त्याच्या धाकट्या बहिणीला 'युमे कावाई', म्हणजे स्वप्नातलं गोडगोड. परतुरात त्याला अजून कुणी काही म्हणत नाही, कारण तो घालून कुणी मोंढ्यापर्यंत गेलेलं नाही. पहिला मान तुमचा.

पूर्वतयारी फार नाही. एक मोबाइल, एक उभा आरसा, उन्हाची सवय आणि एक धाकटा भाऊ. भाऊ दोन कामांसाठी लागतो: फोटो काढायला आणि घरी न सांगायला. दुसऱ्या कामाचे पैसे वेगळे पडतात.

१. आधी रंग मिळतो का ते बघा

कापडाच्या दुकानात जा, गादीवर बसा आणि ठाम आवाजात 'फिकट जांभळा दाखवा' म्हणा. दुकानदार वांगी रंग टाकील. 'याहून फिकट' म्हणा. तो जांभळा टाकील. 'अजून फिकट' म्हणा. आता तो तुमच्याकडे नीट बघेल, पोऱ्याला माळ्यावर चढवील आणि एक ठाण खाली येईल, ज्याची एक कड खिडकीच्या उन्हानं विटलेली आहे. ती विटलेली कड हा तुमचा रंग. किंमत पूर्ण ठाणाचीच लागेल.

दुकानदारावर रागावू नका. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारत आलं आहे: 'रंग पक्का आहे ना?' पैठण आपल्यापासून फार लांब नाही, आणि पैठणीवाल्यांनी आजवर जे काही रंगवलं ते लांबून दिसावं म्हणून: डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, पोपटी, चिंतामणी. फिकटांच्या बाजूनं आपल्याकडे एकटी अबोली उभी आहे, आणि तिचंही आता फारसं कुणी ऐकत नाही. अशा मुलखात तुम्ही मुद्दाम उडालेला रंग मागायला गेला आहात. नवीन दुकानं थोडी सोपी जातात. तिथं 'ओनियन', 'पिस्ता', 'पीच', 'मिंट' असं बोला. आपण कपडा घेतोय की नाश्ता मागवतोय असं वाटेल, पण माल बरोबर निघतो.

घरी नेल्यावर आजी कापड बोटांत चुरगाळून बघेल. "रंग उडालेलं गळ्यात मारलं व्हय गं त्यानं? जा, बदलून आण. पावती हाये ना?" या टप्प्यावर वाद घालू नका. पावती लपवा.

२. थोडा इतिहास पाठ करा

कारण काका विचारणार. काकांना जपानबद्दल बुलेट ट्रेन आणि शिस्त एवढं माहीत असतं, त्यामुळे तुम्ही काहीही सांगितलं तरी चालण्यासारखं आहे, पण खरं सांगितलेलं बरं.

हाराजुकू हे तोक्योतलं एक स्टेशन. त्याची जुनी लाकडी इमारत १९२४ सालची, ती २०२० मध्ये पाडली. स्टेशनाच्या एका अंगाला मेइजी देवस्थान आणि दुसऱ्या अंगाला ताकेशिता नावाची साडेतीनशे मीटरची गल्ली, कपड्यांनी, गोड क्रेपांनी आणि पोरापोरींनी गच्च भरलेली. देवळाच्या दारात रिबिनी आणि गोडधोड, हे कळायला काकांना अडचण येऊ नये. शेजारचा ओमोतेसान्दोचा मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असायचा आणि पोरं तिथं नटूनथटून जमायची. १९९८ मध्ये रस्ता पुन्हा गाड्यांना मिळाला. शोइची आओकी नावाचे एक छायाचित्रकार या पोरांचे रस्त्यावरच उभं करून फोटो काढत. १९९७ मध्ये त्यांनी 'फ्रूट्स' नावाचं मासिक काढलं आणि २०१७ मध्ये ते थांबवलं. फोटो काढावा अशी पोरंच आता दिसत नाहीत, असं कारण दिलं.

त्या आधी, १९९५ मध्ये, सेबॅस्टियन मासुदा यांनी '६% डोकिडोकी' हे भडक रंगांचं दुकान काढलं होतं. २०११ मध्ये क्यारी पाम्यू पाम्यू या गायिकेच्या पहिल्या गाजलेल्या व्हिडिओची सजावट त्यांनीच केली आणि हाराजुकू जगभर पोचलं. फिकट शाखा मात्र निघाली कोएंजी या भागातल्या 'स्पँक!' नावाच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून. सायुरी ताबुची या बाईंचं हे दुकान. त्यांनी माल कुठला निवडला? १९८० च्या दशकातल्या अमेरिकी पोरींनी खेळून टाकलेला: रंगीत आयाळीचे 'माय लिटल पोनी', पोटावर इंद्रधनुष्य असलेले 'केअर बेअर्स'. त्यात घरचे म्हणून सानरिओ कंपनीचे १९७५ सालचे जुळे तारे, किकी आणि लाला, ढगावर बसलेले. म्हणजे ज्या पोरींनी हे घातलं त्यांतल्या बऱ्याच जणी, ही खेळणी नवी होती तेव्हा पाळण्यात होत्या किंवा जन्मायच्या होत्या. दुसऱ्याचं बालपण किलोच्या भावानं आणायचं आणि अंगावर घालायचं, अशी ही युक्ती.

मग २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्यानं चक्क तीन तरुणींना 'कावाई दूत' नेमलं: एक झालरींच्या लोलिता वेषाची, एक शाळेच्या गणवेषाची आणि एक हाराजुकूची. परतूर नगरपरिषदेत असं पद मंजूर नाही. अर्ज करू नका.

काकांना एवढं सगळं सांगून झाल्यावर ते विचारतील, "पर ह्या पोरी इतक्या नटून जायच्या कुठं?" कुठंच नाही. स्टेशनाबाहेर यायच्या आणि उभ्या राहायच्या. हे उत्तर काकांना देऊ नका. त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि पुढचे सगळे त्रास याच एका मुद्द्यावरून होणार आहेत.

३. माल जमवा

जुने कपडे घेऊन सुरुवात करा, असं जपानी जाणकार सांगतात. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा रस्ता बोहारणीच्या पाटीकडे जातो आणि परत येताना त्याचं पातेलं झालेलं असतं. तुमच्या आत्याचा १९८५ चा नाजूक फुलाफुलांचा फ्रॉक, जो कोएंजीत काचेच्या कपाटात टांगला असता, तो कधीच चहाची गाळणी होऊन तुमच्याच ओट्यावर आला आहे. गाळणी गळ्यात घालू नका. तो पंथ वेगळा.

दुसरा मार्ग तान्ह्या बाळांच्या विभागाचा. इथं मात्र खजिना आहे. गुलाबी अस्वलं, जांभळे ढग, पिवळी बदकं, सगळं हव्या त्या फिकटपणात. झबली, टोपरी, दुपटी. आपल्या समाजानं फिकट रंग कुणासाठी राखून ठेवले आहेत ते इथं उभं राहिल्यावर कळतं: जो बोलू शकत नाही, चालू शकत नाही आणि ज्याचे कपडे दिवसातून सहा वेळा दुसरं कुणीतरी धुतं, त्याच्यासाठी. दुपट्याचं कापड मीटरवर मिळतं का ते विचारा. मिळतं. दुकानदारीणबाई अभिनंदन करतील. ते स्वीकारून चटकन बाहेर पडा, त्या तुमच्या आईला ओळखतात.

क्लिपा, माळा, चांदण्या, फुलपाखरं या सगळ्यासाठी कटलरीचं दुकान. इथं तुम्हाला काही शिकवावं लागत नाही. केसांना एका वेळी चौदा क्लिपा लावणाऱ्या चार वर्षांच्या पोरी परतुरात प्रत्येक गल्लीत आहेत आणि या विषयात त्या तुमच्याहून पुढे आहेत. त्यांचा सल्ला घ्या.

४. शिंप्याशी बोला

लेडीज टेलरकडे मोबाइलमधला फोटो घेऊन जा. तो फोटो मोठा करून, छोटा करून, आडवा करून बघेल. नंतर विचारील, "नाटकात हाये का?" नाही म्हणा. "गॅदरिंग?" नाही. "मग बारक्या पोरीचा हाये का? माप चुकलंय ताई, हे मोठं सांगितलं तुम्ही." माप बरोबर आहे म्हणा.

झालरींचा घेर फुगलेला राहावा म्हणून आत जे ताठ जाळीचं अस्तर लागतं त्याला आपल्याकडे कॅनकॅन म्हणतात. लेहेंगा शिवणाऱ्यांकडे ते हमखास असतं. 'दोन थर कॅनकॅन टाका' एवढं एक वाक्य बोललात की शिंपी तुम्हाला गंभीर गिऱ्हाईक समजू लागतो. बाकीचं त्याला त्याच्या पद्धतीनं करू द्या. तो गळा बंद करील, बाह्या कोपरापर्यंत आणील, आणि 'पुढं सैल करता येईल' म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवील. जगातली पहिली परी, जिच्या पंखांना शिलाईत माया ठेवलेली आहे.

ओढणी द्यावीच लागेल. तिच्यावर वेळ घालवू नका.

५. हवामान

हाराजुकूच्या मुली कपड्यांवर कपडे, मोज्यांवर मोजे चढवतात. परतुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पॉलिस्टरच्या जाळीतून वारा जात नाही. सकाळी सातला बाहेर पडा, साडेसातला परत या. जूननंतर काळ्या मातीचा चिखल असतो, तो फिकट जांभळ्यावर बसला की जात नाही. हिवाळा बरा, पण हिवाळ्यात कापसाच्या गाड्या असतात आणि मिनिटभरात तुम्ही जाळीला कापूस चिकटलेल्या दिसाल. ते मात्र राहू द्या. ढगाचा भास होतो, आणि फुकट आहे.

६. दाराबाहेर

हा धडा सगळ्यांत अवघड आहे, म्हणून सावकाश वाचा.

तुम्ही तयार आहात. घेर फुगलाय, चांदण्या लागल्यात, हातात अस्वलाच्या आकाराची पर्स आहे. दार उघडलं. समोरच्या ओट्यावर काकू लसूण सोलत बसल्यात. त्या वर बघतील आणि म्हणतील, "काय गं, आज काय विशेष?"

कोपऱ्यावर किराणा दुकानदार: "कोणाचं लग्न हाये?" वळणावर वडिलांचे मित्र: "पप्पा नाही आले कार्यक्रमाला?" स्टेशनाजवळ रिक्षावाला: "कोणत्या मंगल कार्यालयात सोडू?" कुणी वाईट बोलत नाहीये हे लक्षात घ्या. शिट्टी नाही, टोमणा नाही. शहरात असतात तशी माणसं नाहीत ही, ओळखीची आहेत. त्यांना फक्त प्रसंग हवा आहे. नटलेल्या बाईच्या मागे प्रसंग असतो, ही त्यांची साधी समजूत. 'काही नाही, सहज' हे उत्तर तुम्ही एकदा देऊन बघा. १ मे १९८१ रोजी अख्खा परतूर तालुका परभणीतून उठून नव्या जालना जिल्ह्यात गेला, तो फेरबदल लोकांनी पचवला. तुमचं 'सहज' पचणार नाही. संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलेलं असेल, आणि सोबत आईसाठी एक प्रश्नही: पोरगी ठीक आहे ना?

यावर अनुभवी मंडळींनी काढलेले तोडगे असे. एक, 'कॉलेजात कार्यक्रम आहे' म्हणावं. वर्षातून तीनदा चालतं. दोन, 'मैत्रिणीचा वाढदिवस'. पाचदा चालतं, नंतर मैत्रिणीचं वय काढतात. तीन, नवरात्र. हा तोडगा उत्तम. या शतकाच्या सुरुवातीला एका मोठ्या मराठी दैनिकानं नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला घेतले, आणि तेव्हापासून बँकेतल्या, शाळेतल्या, लोकलमधल्या, सगळ्या बायका एका दिवशी एकाच रंगात दिसू लागल्या. कुणी कधी विचारलं नाही की आज सगळ्या राखाडी का. पेपरात आलंय म्हटल्यावर प्रश्न मिटतो. ज्या वर्षी यादीत गुलाबी असेल त्या दिवशी तुम्ही बिनधास्त बाहेर पडा. फिकट का, असं विचारलंच तर 'छपाई हलकी आली होती' म्हणा.

चौथा तोडगा म्हणजे चारचौघींनी मिळून जाणं. हाराजुकूत तो चालला. आपल्याकडे चौघी मिळून गेल्या की पथनाट्य समजून लोक गोल करून उभे राहतात आणि शेवटी बेटी बचावची घोषणा होईल म्हणून थांबतात. करून टाका एक घोषणा. टाळ्या मिळतात.

७. फोटो

परतुरात आओकी नाहीत. रस्त्यावरच्या वेषाची नोंद ठेवायचं काम आपल्याकडे फ्लेक्स करतो. चौकात मान वर करा: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि खाली साठ चेहरे. पांढरा कडक शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, गॉगल, खिशाला पेन. नीट निरीक्षण करा, कारण ही तुमच्याच धंद्यातली माणसं आहेत. बारा महिने फिकट रंग घालून, धुळीच्या गावात, विनाकारण चौकात उभं राहायचा परवाना इथं फक्त पुढाऱ्यांना आणि होऊ घातलेल्या पुढाऱ्यांना आहे. त्यांना कुणी 'आज काय विशेष' विचारत नाही. ते स्वतःच विशेष असतात. त्यांचा पांढरा शर्ट रोज कोण धुतं आणि त्याला नीळ-कांजी कोण करतं, ते फ्लेक्सवर छापत नाहीत. साठ चेहऱ्यांत तिचा एक नसतो.

(अंगावरचे कपडे नेमके कुणाच्या कृपेनं, यावर २०२५ च्या जूनमध्ये परतूरच्या आमदारांच्या एका भाषणावरून महाराष्ट्रभर वाद झाला होता. तुमच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तुमच्या कपड्यांचं श्रेय घ्यायला कुणीही पुढे येणार नाही.)

तर फोटो गच्चीवरच काढा. मागे पाण्याची टाकी आणि डिश येणार. टाकी काळी असते, ती चादरीनं झाकून घ्या. फुलाफुलांची चादर असेल तर टाकी तुमच्याहून जास्त फेअरी केई दिसेल. मन खट्टू करून घेऊ नका.

८. दुखऱ्या परीचा पोटभेद

पुढे जपानात या गोडव्याची एक काळी सावलीही निघाली. तिला 'यामी कावाई' म्हणतात. तेच फिकट रंग, पण वर बँडेज, गोळ्या आणि इंजेक्शनची चित्रं, डोळ्याखाली लाली. बिसुको एझाकी या चित्रकारानं काढलेली 'मेनहेरा-चान' ही या पंथाची नायिका. मनाला काय होतंय ते तोंडानं सांगता येत नाही तेव्हा मुली ते अंगावर घालून फिरू लागल्या.

परतुरात हे नवशिक्यांनी करू नये. हाताला खोटं बँडेज बांधून तुम्ही बाहेर पडलात की पहिल्याच वळणावर "अगं बाई, कुठं पडलीस?" होईल. दुपारी दोन घरांतून हळदीचं दूध येईल, मावशी सेलूहून निघेल, आणि कुणीतरी आयोडेक्स आणून ठेवील. हात दुखतोय म्हटल्यावर सगळं गाव धावून येतं. मन दुखतंय म्हणालात तर 'अभ्यासाचं टेन्शन असंल, लग्न झालं की जाईल' एवढं एक औषध आहे, आणि ते सगळ्यांच्या घरी तयार असतं.

ते औषध टाकून देऊ नका. पुढच्या धड्यात तेच लागणार आहे.

९. लग्न करा

होय. इतके दिवस आपण उगाच डोंगराला वळसा घालत होतो. परतुरात विशीतल्या मुलीला परी व्हायचं असेल तर सरळ, सर्वमान्य आणि आहेर मिळणारा रस्ता हा एकच आहे. लग्न ठरवा. आणि मग बघा.

ज्या आजीला पावती हवी होती ती म्हणेल, "आजकाल असलेच रंग चालतात." ज्या काकांना तुम्ही कुठं जाणार ते कळत नव्हतं ते स्वतः गाडी काढून संभाजीनगरला बस्त्याला नेतील. बस्ता बांधताना तुम्ही फक्त 'पेस्टल थीम' हे दोन शब्द उच्चारा. दुकानदार एकदाही वांगी दाखवणार नाही. त्याच्याकडे पेस्टलचा वेगळा मजला आहे. ११ डिसेंबर २०१७ रोजी अनुष्का शर्मानं इटलीत फिकट गुलाबी लेहेंग्यात लग्न केलं, लाल नाही, आणि तेव्हापासून हिंदुस्थानातल्या कापड बाजारानं फिकट रंगाची लाज सोडली. इटलीतून ही लाट आपल्यापर्यंत यायला जरा वेळ लागला. आली ती पिस्ता फेट्यांसकट आली.

क्रम असा ठेवा.

आधी प्रीवेडिंग. यात तुम्ही लॅव्हेंडर गाऊन घालता, नऊवारीच्या तिप्पट लांब, आणि शेपूट वाऱ्यावर उडावी म्हणून फोटोग्राफरचा पोऱ्या ती फेकून चौकटीबाहेर पळतो. गुलाबी धुराच्या नळकांड्या. हातात फुगे. नवरा मिंट रंगाच्या जोधपुरीत, चेहऱ्यावर बँकेत फॉर्म भरताना असतो तसा भाव. लक्षात घ्या, हा तोच वेष आहे. तोच घेर, तेच कॅनकॅन, त्याच चांदण्या. सहाव्या धड्यात जो घालून तुम्हाला किराणा दुकानापर्यंत जाता आलं नाही, तो आता मंगल कार्यालयाच्या दारात दहा फूट पडद्यावर हजार लोकांना गाणं लावून दाखवणार आहेत. फरक एवढाच की शेजारी एक माणूस उभा आहे. तो जितका कडेला उभा करता येईल तितका करा.

जागा म्हणून लोणार सुचवीन. मंठ्यावरून पुढे, गाडीनं फार लांब नाही. २०२० च्या जूनमध्ये या सरोवराचं अख्खं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या, गुलाबी रंग धरणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते केलं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. उल्केनं पडलेला खड्डा, त्यात फिकट गुलाबी तळं, कुणाचंही लग्न नसताना. तोक्योतही असं काही जमलं नसतं. पुढे पाणी पुन्हा पूर्वीसारखं झालं. तेव्हा आता रंग फोटोग्राफर नंतर भरून देतो, त्याच्या पॅकेजमध्ये असतं.

मग प्रत्यक्ष लग्न. इथं पेस्टलला चार शत्रू आहेत, त्यांची ओळख करून घ्या. पहिली हळद. ती कुठल्याही थीमला जुमानत नाही आणि नखांत आठवडाभर राहते. दुसरा हिरवा चुडा. फिकट गुलाबी बाहीखाली तो असा काही दिसतो की डिझायनर असती तर रडली असती, पण चुडा भरणाऱ्या बाईंना 'मिंटमध्ये आहे का' असं विचारू नका. एका मुलीनं विचारलं होतं म्हणतात. तिला कासारीणबाईंनी एक मापानं लहान भरला. तिसरी मामाकडची पिवळी साडी. तिला नाही म्हणता येत नाही, मामाही ऐकत नाही आणि मामीही. चौथा म्हणजे दारातला झेंडू. डेकोरेशनवाल्यानं पांढरी-गुलाबी कृत्रिम फुलं कितीही लावली तरी पहाटे घरातलं कुणीतरी उठून झेंडूचं तोरण बांधतंच. ते कोण बांधतं ते शोधू नका. बहुधा वडील असतात.

समाधान एकच. आपल्याकडे ज्वारीच्या अक्षता रंगवतात त्या बघून घ्या. कित्येकदा फिकट गुलाबीच निघतात. मंगलाष्टकं संपली की सगळ्या थीमवर तेवढ्या एकट्या बरोबर रंगात पडतात.

खर्चाचं विचारू नका. ते वधूपित्याला विचारायचं असतं, आणि त्यालाही निदान सत्यनारायण होईपर्यंत नाही.

१०. लग्नानंतरची देखभाल

लेहेंगा डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवा. आठ-दहा महिन्यांनी एखाद्या दुपारी तुम्हाला तो पुन्हा घालून बघावासा वाटेल. निदान वरची जाळी, निदान चांदण्यांची क्लिप. घाला, आणि ओट्यावर या. समोरच्या काकू आता सासरच्या गल्लीतल्या आहेत, पण लसूण तोच आहे. त्या वर बघतील, हसतील आणि विचारतील, "काय गं, काही विशेष?" या वेळी त्यांना दुसरंच विचारायचं असतं. त्या तुमच्या पोटाकडे बघत असतील.

नाही म्हणालात तर आत जाऊन कपडे बदला. हो म्हणालात तर अभिनंदन, तुम्हाला आणखी एक संधी मिळते आहे, आणि खरं सांगायचं तर ही सगळ्यांत चांगली. डोहाळजेवण. इथं जपान्यांकडून काही शिकायचं नाही, उलट त्यांनी यावं आणि बघावं. कोजागरीच्या चांदण्यातलं, बागेतलं, नावेतलं, झोपाळ्यावरचं असे प्रकार आपल्या आज्या-पणज्यांनी हाराजुकूचं लाकडी स्टेशन उभं राहण्याआधी करून ठेवलेत. फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा, मागे चंद्रकोर, वर टांगलेल्या चांदण्या, आणि मधोमध तुम्ही. एक अख्खी दुपार कुणी तुम्हाला उठून पाणी आणायला सांगणार नाही. बसा, दिसा आणि खा.

सजावटवाल्याकडे चंद्र भाड्यानं मिळतो. तारीख ठरली की लगेच सांगून ठेवा, सीझनमध्ये एकच चंद्र तीन घरी फिरत असतो. थर्माकोलचा असेल तर त्याला टेकायचं नाही, टेकल्यासारखं दिसायचं. चमकी केसांत अडकते, ती खोबरेल तेलानं निघते. आणि साडीच्या रंगाची काळजी करू नका. ती सासूबाईंनी आधीच आणून ठेवलेली असते. हिरवीगार, रंगाची गॅरंटी असलेली.